पयला मंजूर

खाजाभाईंचं सांगते, पण मधी कुणी चेअरमनची बाजू घ्यायची न्हाय. मी अनसूया, त्यांची शेजारीण. सगळं डोळ्यांनी बघितलंय.

कळसच्या जवळच आमचं गाव. सोसायटीचं किराणा दुकान उभं राहिलं ते खाजाभाईंच्या बापाच्या जागेवर, ऐन रस्त्याकडला. म्हाताऱ्यानं ती फुकट दिली, गावाचं दुकान गावाच्या हातात ऱ्हावं म्हणून. गावानं बी मान ठेवला. वार्षिक सभेत ठराव वाचला की पयला ‘मंजूर’ त्या घरानं म्हणायचा, मग बाकीच्यांनी. बापामागं तो मान खाजाभाईंकडं आला. दुकानात तराजूवर बी तेच. ईदच्या शेवया असूद्यात न्हायतर दिवाळीचा रवा, माप कधी हलकं पडलं न्हाय. लॉकडाऊनात तर ह्या माणसानं सायकलवर घरोघर तेल-मीठ पोचवलं.

गेल्या साली सभेआधी चेअरमन विजयसिंहानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. “खाजाभाई, आवाज खणखणीत काढा बरं का!” खाजाभाई खूश. ठराव लांबलचक, भाषा कचेरीची, तिकडं जिलेबीची कढई चढलेली. कोण ऐकतंय? वाचणं थांबलं, खाजाभाई उठले, “मंजूर!” आणि अख्खा मांडव गरजला. आमा बायकांना कोण इचारतंय!

आठवड्यात दुकानावर नवा बोर्ड. चेअरमनच्या पोराचं, अविराजचं मार्ट! दुकान बंद करून जागा त्याला नव्व्याण्णव वर्षांसाठी द्यायची, हाच तो ठराव. खाजाभाई धावत गेले.

“विजयसिंहराव, माझ्या बापानं दिलेली जागा वो ही! मला एका शब्दानं सांगायचं तरी!”

“सभेत वाचलं की. पयला मंजूर तर तुमचाच.”

मेल्याची जीभ कशी झडली न्हाय!

यंदा परत सभा. ठराव वाचून झाला, सगळ्यांनी खाजाभाईंकडं बघितलं. ते खाली मान घालून गप. मला वाटलं, आता तरी कुणी उठंल, जाब इचारंल. तेवढ्यात अविराज ओरडला, “मंजूर!” आणि सगळं गाव त्याच्यामागं ओरडलं.

खाजाभाईंनी चपला घातल्या. मी म्हणलं, “भाई, जिलेबी तरी घ्या.”

“नको अनसूयाबाई,” ते म्हणाले. “मागल्या साली मला ठाऊक नव्हतं. यंदा समद्यांना ठाऊक हुतं.”