डिस्कमधली जादा नऊ मिनिटं

इथले भुताटकीचे अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतोय. खरं सांगायचं तर काही वाचून हसलोही आहे. आमचं घर बौद्ध, वडील शाळामास्तर. भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं... यातलं काहीच घरात चालायचं नाही, आणि मीही तसाच वाढलो. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय. पण ती लाज भुताची नाही, माझीच आहे.

वसमतला एसटी स्टँडच्या मागे माझा फोटो स्टुडिओ होता. १९९२ पासून लग्नांची व्हिडिओ शूटिंग घ्यायचो. सुरुवातीच्याच एका लग्नात नवरीची विधवा आत्या हळदीच्या वेळी कॅसेटमध्ये ठळक दिसली, तर वरपक्षाच्या लोकांनी दुकानात येऊन माझी अशी खरडपट्टी काढली, की मी कानाला खडा लावला. मोकळ्या कपाळाची बाई फ्रेममध्ये आली की पॉज दाबायचा - कोणी सांगो न सांगो. भूत न मानणारा मी, हे मात्र बिनबोभाट पाळत होतो. वर त्याला धंदा म्हणत होतो.

१९९५ च्या उन्हाळ्यात डोंगरकड्याला एक लग्न केलं. नवरी सुनंदा. तिचे वडील ती लहान असतानाच वारलेले, आईने रोजंदारी करून वाढवलेली. त्या आईला मी दिवसभर टाळलं. ती दिसली की पॉज. एकदा तर तोंडानेच बाजूला व्हायला सांगितलं. मला कोणीही, अगदी कोणीही तसं करायला सांगितलं नव्हतं.

२००६ च्या दिवाळीनंतर सुनंदाताई हिंगोलीहून दुकानात आल्या. हातात तीच कॅसेट, वर माझंच स्टिकर. आईला जाऊन दोन महिने झाले होते. आईचा फोटो म्हणाल तर एकच, मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. कॅसेट त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, लग्नानंतर आठ दिवसांनी, भाड्याच्या व्हीसीआरवर, सासरच्या खोलीभर माणसांत मान खाली घालून. आता त्यांना तिची डिस्क करून हवी होती.

"माय कशी चालायची, कशी बोलायची, ते लेकरायला दाखवायचंय भाऊ," त्या म्हणाल्या. "लेकीच्या लग्नात माय नसंल असं व्हईल का?"

मी 'बघतो' म्हणालो. तिथेच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही.

तेव्हा भारनियमनामुळे लाइटचा भरवसा नसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी सलग तीन-चार तास मिळणार होते, ते गाठले. व्हीसीआरचं हेड स्पिरिटने पुसलं, पिवळी, लाल, पांढरी अशा तिन्ही पिना डीव्हीडी रेकॉर्डरला जोडल्या, टीव्ही लावला आणि समोर बसलो. कॅसेट आपल्या चालीनेच चालते, तिला घाई नसते. अडीच तास मी माझा एकेक पॉज ओळखत होतो. चित्र जरा थरथरायचं, उडी मारायचं आणि पुढे जायचं. माय कुठेच नव्हती. पदराचं टोकसुद्धा नाही.

मग सवयीप्रमाणे डिस्क तपासायला लावली. वेळ बघितली तर कॅसेटपेक्षा नऊ मिनिटं जास्त. पहिल्या पॉजची जागा आली... आणि उडी आलीच नाही. मांडवाच्या मेढीमागून सुनंदाताईंची आई पाण्याची कळशी घेऊन चालत आली. डावा पाय किंचित ओढत. पुढेही तेच, जिथे जिथे मी पॉज दाबला होता, तिथे तिथे ती. शेवटी पाठवणीच्या वेळी कॅमेऱ्यामागून माझाच आवाज आला, "मावशी, बाजूला सरका, फ्रेम खराब होऊन राहिली." तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सरकते बाबा. माझ्या लेकीचं तेवढं चांगलं काढ."

कॅसेट मी तीन वेळा मागे नेऊन पाहिली. तिथे उडीच होती. आणि असणारच, कारण ते रेकॉर्डच झालं नव्हतं!

तुम्ही विचाराल, घाबरलो का? घाबरलो, पण तिला नाही. सुनंदाताईंना आता माझा आवाज ऐकू येणार, ही भीती वाटली. मी काय केलं ते लिहितो. ती डिस्क प्लेअरमध्ये लावून दुसरी कॉपी काढली. चित्राची पिवळी पिन तशीच ठेवली. आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिना काढून टेपरेकॉर्डरला जोडल्या आणि सगळ्या लग्नावर सनईची कॅसेट सोडली. ती कॉपी सुनंदाताईंना दिली.

आठ दिवसांनी त्या घरची हळद घेऊन आल्या. पोरांनी डिस्क रोज लावायचा हट्ट धरलाय म्हणाल्या. डोळे भरले होते.

"त्या दिवशी समद्यांनी मायला मागं ठेवलं व्हतं भाऊ. तुमीच तेवढं तिला घेतलं."

मी ऐकून घेतलं. हळदही घेतली.

जाताना त्या दारात थांबल्या. "शेवटी ती काहीतरी बोलून राहिली. सनईत न्हाई ऐकू येत. काय म्हनली असंल?"

मी म्हणालो, "आठवत नाही ताई, गडबड होती."

त्या गेल्यावर मी लगेच पहिली डिस्क लावली. आवाजासह एक कॉपी करून द्यावी, असं खरंच मनात आलं होतं. डिस्कवर आता कॅसेटइतकाच वेळ होता. मेढीजवळ उडी, पाठवणीला उडी. माय नाही, तिचा आवाजही नाही. सुनंदाताईंच्या घरच्या कॉपीत मात्र ती अजून चालते म्हणे, मुक्याने. मशिनं जाणणाऱ्या दोघा-तिघांना मी विचारलं. कॅसेटच्या पट्टीवर नसलेलं डिस्कवर कसं आलं, हे कोणालाच सांगता आलं नाही. मलाही आजपर्यंत कळलेलं नाही.

ते वाक्य आता फक्त माझ्याकडे आहे. वसमतहून हिंगोलीला दिवसभर गाड्या असतात, तास-दीड तासाचा रस्ता. मी अजून गेलेलो नाही.