ब्राझीलच्या बायकांना टाळ्या

मंडळी, आज दुपारी नातीनं मोबाईलवर ब्राझीलचा सांबा दाखवला. माझ्या वयाच्या बायका रस्त्यात ढोल बडवत होत्या आणि अख्खी गल्ली नाचत होती. माझ्या मुलानं कौतुकानं टाळ्या वाजवल्या.

पन्नास सालाच्या आसपास इथंच कोल्हापुरात, गल्लीच्या मिरवणुकीत मीही एकदा हलगी वाजवली होती. लोक बेभान नाचले. वडिलांनी सगळ्यांसमोर ती हिसकावली. “पोरीची जात हाय तुझी. पुन्हा हात लावलास तर हात मोडीन!”

पुन्हा कधी लावला नाही.

आज नकळत टेबलावर ठेका धरला, तर मुलगा म्हणतो, “आई, गप की! पावणं बसल्यात, शोभतं का ह्या वयात?”

मी हात पदराखाली घेतले. तुमच्या आईला काय वाजवावंसं वाटायचं, कधी विचारलंय का हो?