हळदीच्या नावाखाली

नंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरशासमोर उभी राहून तोंडाला सनस्क्रीन लावत होते. झोपेतच हृदय थांबलं. नवऱ्याची थोरली बहीण, माझी नणंद, वसईत कितीतरी वर्षं त्वचारोगाचा दवाखाना चालवणारी डॉक्टर... आणि मला पहिल्यांदा सुचलं काय, तर आता ते सांगायचं राहूनच गेलं. रडू नंतर आलं. महिना उलटला, अजून एका जागी बसवत नाही. भाजी चिरायला घेते आणि अर्धी टाकून उठते.

ताई सावळ्या. ‘सावळी कसली, काळीच म्हण,’ असं त्या स्वतःच सांगून मोकळ्या होत. मी गोरी, आणि त्याचा मला तोरा होता, हे आज कबूल करते. मुग्धा झाली तेव्हा तिला मांडीवर घेत मी म्हणाले, “आत्यावर गेली.” त्यातला सुस्कारा ताईंनी बरोबर ऐकला. म्हणाल्या, “मग डोक्यानेही माझ्यावरच जाऊ दे.” सगळे हसले, मीसुद्धा. डोक्याने ती खरोखरच त्यांच्यावर गेली.

दवाखान्यात वालीवच्या कारखान्यांतल्या मुली यायच्या, राजोडीच्या मासेवाल्या यायच्या. त्यातली एक बाई मला आठवते. खुर्चीत बसताक्षणीच तिने बजावलं, “गोरं करू नको बाई, उन्हापान्यात फिरनारी मी. फक्त खाज घालव.” ताई दिवसभर खूश होत्या. गोरं करून द्या म्हणणाऱ्यांना मात्र त्या तासभर समजावत बसत. आपल्या कातडीत रंग मुळात जास्त, ती दुखावली की आणखी काळी पडते. म्हणून पील, म्हणजे आम्ल लावून वरची कातडी सोलवणं, करायचंच, तर दुधातल्या किंवा कडू बदामातल्या आम्लाचं, सौम्य. आधी काही आठवडे क्रीम आणि सनस्क्रीन, मग कानामागे थेंबभर लावून पाहायचं, थांबायचं. जोरदार पील आपल्यासाठी नाहीच. मला हे सगळं तोंडपाठ होतं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

चार वर्षांपूर्वी मुग्धाचं लग्न ठरलं. मुलाची मावशी जाता जाता म्हणाली, ‘मुलगी हुशार आहे हो, रंगाचं काय एवढं.’ ते वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं. लग्नाला दीड महिना होता. ताई म्हणाल्या, एवढ्या वेळात फार तर एक हलकं पील होईल, तेही मुग्धाला हवं असेल तर. मुग्धाला नकोच होतं. पण मी उतावळी झाले होते. एका ब्यूटी पार्लरमध्ये ‘एकाच बैठकीत फरक’ असा बोर्ड पाहिला आणि ताईंना न सांगता पोरीला तिथे नेलं. कानामागे कुणी थेंबही लावून पाहिला नाही. चेहरा भगभगायला लागला तेव्हा पार्लरवाली म्हणाली, काम करतंय.

चौथ्या दिवशी कातडी सोलत असतानाच राजोडीच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचे फोटो काढायचे ठरले होते. भर दुपारी, वाळूत, तीन तास. फोटोवाला उन्हावर खूश होता. पुढच्या आठवड्यात मुग्धाच्या दोन्ही गालांवर काळेकुट्ट चट्टे उठले.

मग ताईंकडे जावंच लागलं. मी सांगितलं, घरी हळद-लिंबाचा लेप लावला होता, त्याची ॲलर्जी आली. ताईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. “नक्की फक्त हळद, सुलभा?” मी म्हणाले, हो ना ताई. पाणी प्यायला म्हणून मी बाहेर गेले. परत आले तेव्हा त्या औषधं लिहीत होत्या. लग्न चट्ट्यांवर मेकअप थापूनच झालं. ते जायला वर्ष लागलं. तेवढ्या वर्षात ताईंनी एका शब्दाने विचारलं नाही, आणि मी दर वेळी आज सांगू, उद्या सांगू...

परवा दवाखाना रिकामा करायला गेलो. जुने केसपेपर फाडायचे होते. मुग्धाचा हाताला लागला. सगळं इंग्रजीत खरडलेलं, खाली दोन ओळी मराठीत: ‘आई म्हणते हळद. हे कडक पील, वर ऊन. सुलभाला विचारायचं नाही.’

मी तिथूनच मुग्धाला फोन लावला. म्हटलं, आत्याला सगळं माहीत होतं गं.

“मीच सांगितलं होतं आई. तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा. आत्या म्हणाली, तुझी आई तुझ्या जन्मापासून माझ्या रंगाला घाबरते, तिला आणखी घाबरवायला नको.”

केसपेपर फाडला नाही. घरी आणलाय. आधी कपाटात ठेवला, मग देवघराच्या खणात, आज सकाळी तिथूनही काढला.