आखणी राहिलीय

माझ्या मामाइतका ‘पूर्ण’ या शब्दाला घाबरणारा माणूस अख्ख्या अलिबाग तालुक्यात सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. एरवी छातीठोकपणे सांगावं असं मला फारसं काही ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे शब्दांचे अर्थ सगळे मला विचारतात. मामाचं उलट आहे. अर्थ तो सांगतो आणि मी ऐकते. त्याच्या मते ‘झालं’ हे जेवणाला म्हणायचं, ‘आटपलं’ घरकामाला, ‘पुरे’ भांडणाला. ‘संपलं’ हा शब्द तर घरात काढायचाच नाही. डब्यातले तांदूळसुद्धा त्याच्याकडे ‘वाढतात’. आणि ‘पूर्ण’? “त्ये माणसाच्या हातातलं न्हाय गं पोरी,” असं म्हणून तो कपात घोटभर चहा तसाच ठेवून उठतो. मामीने हट्ट करून चौलच्या घराला रंग लावायला घेतला, तेव्हा मागच्या दाराजवळची हातभर भिंत त्याने कोरीच ठेवली. टीव्हीवरचा सिनेमा शेवटाला आला की हा अंगणात. एकदा एका लग्नात शेवटच्या मंगलाष्टकाला तो मांडवाबाहेर निघून गेला. लग्न त्याच्याच मुलीचं असल्यामुळे मामी पुढे बरेच दिवस त्याच्याशी बोलत नव्हती.

असा माणूस गणपतीचा कारखाना चालवतो! लोक आषाढात आपापला पाट आणून देतात, मामा त्यावर शाडूची मूर्ती घडवतो, रंगवतो, आणि डोळ्यांची आखणी अगदी शेवटी करतो. बुबुळं उमटली की मातीचा देव होतो, असं आमच्याकडे मानतात. ते एक काम त्याने कधी अर्धवट ठेवलं नाही, आणि आखणीच्या कुंचल्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्याचा उजवा हात थरथरायला लागला. तरी थांबत थांबत तो एकेका मूर्तीचे डोळे आखत गेला. चतुर्थीच्या सकाळी एकच मूर्ती उरली, रेवदंड्याच्या नानांची. मुकुट, सोंड, पितांबर सगळं झळकत होतं. डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. आणि हात काही केल्या ऐकेना. नाना दारात येऊन उभे राहिले, त्यांचा मुलगा बाहेर टेम्पोत.

“काय रे, झाला का आमचा बाप्पा?”

“झाला. आखणी ऱ्हायलीय.”

“मग झाला कुठं? आंधळा देव नेऊ घरी? भटजी येऊन बसलेत तिकडं.”

“घाई केलीस तर तिरळा नेशील.”

मी हसले, पण मामाकडे बघितल्यावर हसू तोंडातच राहिलं. तो कुंचला मूर्तीजवळ नेई आणि टोक हलायला लागलं की मागे घेई. रेघ चुकली तर पुसून, परत पांढरा रंग देऊन तो वाळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. पूजेची वेळ टळत चालली होती. नानांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसतो. बाहेर हॉर्न वाजला.

“दुसऱ्या कारखान्यातनं कुणाला आणू काय?” नानांनी हळूच विचारलं.

मामाने कुंचला परत रंगात बुडवला. त्याचे कान मात्र लाल झाले.

तेवढ्यात मामी उकड मळायची टाकून आली, त्याच्या बाजूला बसली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

“सोड. तुझे हात पिठाचे हायत.”

“असू देत. पीठ त्याच्याच मोदकाचं हाय. धरा श्वास.”

एक डोळा उतरला. दुसऱ्याच्या वेळी मामीचाच हात हलला असं मला वाटलं, पण रेघ आली. नाना वाकून बघत राहिले. आता हे खोट काढणार, म्हणून मी पदर नसताना ओढणीचं टोक पिळत होते. नानांनी टोपी काढली, हात जोडले आणि मुलाला हाक मारली.

“उचल रे. जपून. बघतोय तो.”

मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून ती नेली. टेम्पो वळणाआड गेला तरी मामा रस्त्यावरच उभा होता.

“बरोबर उतरले काय गं डोळे?” त्याने विचारलं. असं त्याने आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.

“उतरले, मामा.”

यंदाही पाट यायला लागलेत. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. मामा माती मळतो, गिऱ्हाइकांशी वाद घालतो. आखणी कोण करणार, हे मामी विचारत नाही, मीही विचारत नाही. परवा मात्र त्याने नानांचा पाट ओळीत सगळ्यात पुढे आणून ठेवला. “ह्याची आखणी पयली. सकाळच्याला हात बरा असतो,” असं तो त्या पाटालाच सांगितल्यासारखं म्हणाला, आणि उजवा हात डाव्या हातात धरून कितीतरी वेळ तिथेच बसून राहिला.