आदिमानवाच्या डोळ्यातलं पांढरं

कृष्णात कुंभारांनी उभ्या जन्मात गणपती केले, गौरी केल्या, बेंदराचे बैल केले. माणूस केला तो यंदा पहिल्यांदा, आणि तोही आदिमानव!

कॉलेजात एक नवं दालन व्हायचं होतं. त्यासाठी तिथल्या दीपा मगदूम मॅडमनी दोन मूर्ती सांगितल्या: दगडावर दगड हाणून हत्यार करणारा बाप आणि शेजारी उकिडवी बसून बघणारी त्याची पोरगी. सोबत चित्र दिलं. बसकं कपाळ, पुढं आलेल्या भुवया, हनुवटी जवळपास नाहीच. कृष्णात म्हणाले, "सोंड न्हाय, म्हंजे निम्मं काम कमीच की."

पण दगड धरलेला हात काही जमेना. गणपतीचा हात आशीर्वादाचा, ह्याला आवळायला शिकवायचं होतं. शेवटी ते बायकोला, धोंडुबाईंना, सुकं खोबरं फोडताना बघत बसले.

"काय बघताय? मी काय माकड हाय?"

"माकडाचा अंगठा असा भिडत न्हाय. तू पुढची हायस."

"हायच पुढची! तुमीच मागं ऱ्हायलासा."

हात जमला. मग आंघोळ करून, नेहमीसारखी सगळ्यात शेवटी, डोळ्यांची आखणी केली. शंखासारखं पांढरं, मधी काळं बुबुळ. ब्रश ठेवला आणि चित्राकडं नजर गेली. चित्रातले डोळे सगळेच्या सगळे काळपट. पांढरं औषधालाही नाही.

"खरवडा की मग," धोंडुबाई म्हणाल्या.

"उघडलेला डोळा पुसायचा न्हाय. आमच्या वडलांनी जन्मात पुसला न्हाय, मीबी न्हाय."

"ते देवाचं, ओ! ह्यो काय देव हाय?"

"देव न्हाय. पण बघतोय की माझ्याकडं."

तीनदा कोरणी उचलली, तीनदा ठेवली. अकराला मॅडम आल्या. मॅडमचं प्रत्येक वाक्य 'बरं का' वर येऊन टेकायचं. आज टेकेना.

"कृष्णातमामा, डोळ्यांत हे पांढरं…"

"चुकलं, मॅडम. गणपतीची सवय." आवाज भिजल्या फटाक्यासारखा. "तुमी म्हणाला तर पुसतो. पण एक सांगू? पोरगी कुठं बघत्या, ते त्या पांढऱ्यामुळंच कळतंय. सगळं काळं केलं तर बापाच्या हाताकडं बघत्या का दाराकडं, कसं कळायचं?"

मॅडम पोरीशेजारी उकिडव्या बसल्या. तिच्या नजरेमागं जात जात थेट बापाच्या अंगठ्यावर पोचल्या.

"मामा, हाडं राहतात, दगड राहतात. डोळे मातीत जातात, बरं का. ते कसे होते, कुणालाच ठाऊक नाही. चित्र म्हणजेही अंदाजच. वानरांच्या डोळ्यांत पांढरं सहसा दिसत नाही, आपल्या दिसतं. समोरच्याची नजर कळली म्हणून माणसाला एकमेकांकडून शिकणं सोपं गेलं, असं मानणारे आहेत, बरं का. बापानं हिला भाषण थोडंच दिलं असेल? बघून बघूनच आलं असेल."

"मग पुसू?"

"हात तर लावून बघा!"

कृष्णात मातीच्या पोत्यावर मटकन बसले. आखणी त्यांनाही वडिलांनी कधी समजावून सांगितली नव्हती. लहानपणी ते नुसते वडिलांशेजारी बसून बघायचे, अस्सेच उकिडवे.

"धोंडे, च्या टाक! डोळं वाचलं!"

आतून मॅडमच्या हुबेहूब आवाजात उत्तर आलं, "टाकते, बरं का!"

सगळ्यात आधी मॅडमच हसल्या.