वरचं स्वयंपाकघर

ब्रिजेटने ओव्हनचं दार उघडलं तेव्हा आत शेगडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका होती, प्लास्टिकच्या पिशवीत, दुकानातून आली तशीच. लोकांची घरं विकून देणं हा ब्रिजेटचा धंदा. परक्यांच्या ओव्हनमध्ये काय काय सापडतं ते तिला ठाऊक होतं, पण असलं काही तिने पाहिलं नव्हतं. तिने आधी पुस्तिकेकडे पाहिलं, मग घरमालकिणीकडे.

“इथे स्वयंपाक कोण करतं?”

“कोणीच नाही,” डोलोरेस गव्रोन्स्की म्हणाली, आणि ते ती अभिमानाने म्हणाली.

“मग जेवता कुठे?”

“खाली. तळघरात.”

अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या पूर्वेकडच्या पोलिश वस्तीत अशी दोन स्वयंपाकघरांची घरं बरीच होती. वरचं दाखवायचं, खालचं रांधायचं. पण बाकीच्या बायका वर निदान एखादं अंडं तरी उकडून घेत. डोलोरेसने तेवढंही केलं नाही. कुणी आलं-गेलं तर कॉफीपुरतं पाणी तापवायचं, आणि ते झालं की शेगडी अशी पुसायची की पाण्यालाही आपण इथे उकळलो होतो हे आठवू नये.

यामागे तिची आई होती. ती शहरातल्या श्रीमंत वस्तीत लोकांच्या फरशा पुसायची, आणि घरी खाटकाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सहा माणसं राहायची. पाहुणा आला की त्याला पलंगावर बसवावं लागे, आणि त्या वेळी पलंगावर कुणी आजारी असेल तर त्याला उठवावं लागे. डोलोरेसने लग्नाआधीच मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्या घरात एक जागा अशी असेल, जिथे कुणीही कधीही येऊन बसलं तरी आपल्याला लाज वाटणार नाही. यात वेडगळ काही नव्हतं. वेडगळपणा नंतर आला, हळूहळू, त्यामुळे कुणाच्या लक्षात आला नाही.

तिचा नवरा चेस्टर तलावाकाठच्या पिठाच्या गिरणीत कामाला. संध्याकाळी भुवयांपासून बुटांपर्यंत पांढराफटक होऊन यायचा. तो बाजूच्या दाराने शिरायचा आणि थेट पायऱ्या उतरून तळघरात जायचा. तिथे मोरीत अंग धुवायचं, तिथेच सनमायकाच्या टेबलावर जेवायचं. मुलगा नॉर्बर्ट त्याच टेबलावर अक्षरं गिरवायला शिकला. डोलोरेस शाळेच्या कँटीनमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना वाढायची आणि घरी येऊन खाली पुन्हा पदर खोचायची, म्हणजे तिथल्या रिवाजाप्रमाणे एप्रन बांधायची. वर पायमोजे घालूनच जायचं, आणि कामाशिवाय जायचं नाही, असा नियम होता. सोफ्याला प्लास्टिक, जेवणघरातल्या खुर्च्यांना प्लास्टिक. सोनेरी काठाच्या बश्यांचा सेट काचेच्या कपाटात.

त्या बश्या बाहेर निघायच्या त्या बारशाला, नॉर्बर्टने चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतला त्या कम्युनियनला, आणि दर वर्षी नाताळनंतर चर्चचे फादर घराला आशीर्वाद द्यायला येत तेव्हा. चेस्टरला हे झोंबायचं. तो भांडखोर नव्हता, पण टोमणा मारायची संधी सोडायचा नाही.

“फादर वर्षातून एकदा टेकतो, त्याला सोनेरी काठ. मी रोज येतो, मला पत्र्याचा मग.”

“फादर सांडत नाही,” डोलोरेस म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

मागल्या हिवाळ्यात चेस्टरच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तो वाचला, पण वॉकर धरूनच चालू लागला आणि हात थरथरायला लागला. तळघराच्या पायऱ्या त्याच्यासाठी संपल्या. आता तरी तो वरच्या टेबलावर जेवायला लागला असेल, असं कुणालाही वाटेल. छे! डोलोरेस खाली रांधायची, भांडं धरून पायऱ्या चढायची आणि ते टेबल ओलांडून झोपायच्या खोलीत जायची. चेस्टर पलंगाच्या कडेला बसून मांडीवरच्या ट्रेमध्ये जेवायचा.

“बसू दे की मला टेबलावर.”

“हात जरा सुधारू दे तुझा. कापड खराब होईल.”

हात सुधारला नाही. वसंतात एकदा बिटाचं सार घेऊन वर येताना डोलोरेसच पायरीवरून घसरली आणि मनगट मोडून बसली. तेव्हा नॉर्बर्टने कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत एक छोटा फ्लॅट बघितला. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पायरी एकही नाही. हे घर विकायचं. आई आकांडतांडव करील असं त्याला वाटलं होतं, पण तिने हूं की चूं केलं नाही. मागणं होतं ते चेस्टरचं, आणि ते त्याने बायकोपाशीच केलं.

“जायच्या आधी एकदा. त्या टेबलावर. त्या बशीत.”

फ्लॅटमध्ये टेबल मावणार नव्हतं, ते घराबरोबरच विकायचं होतं. डोलोरेसला नाही म्हणवेना.

“जेवू. कबूल.”

“कधी?”

“गिऱ्हाइकांना घर दाखवून झालं की.”

चेस्टरने मान डोलावली. आयुष्यभर तो टेबलाच्या बाबतीत पाहुण्यांच्या मागे होता. आता गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहिला.

आवराआवर तळघरापासून सुरू झाली. नॉर्बर्टने दारात कचऱ्याचा मोठा कंटेनर आणून ठेवला आणि कोबी आंबवायचा रांजण, सॉसेजचं यंत्र, तळ जळलेली पातेली, सनमायकाचं टेबल, सगळं एकामागून एक वर येऊन त्यात पडलं. जुनी शेगडी भंगारवाल्याने नेली. डोलोरेस बाजूच्या दारात उभी राहून बघत होती. तिला फारसं वाईट वाटलं नाही. ते सगळं कामाचं सामान होतं, आणि कामाच्या सामानाला तिने कधी सामान मानलंच नव्हतं. तिने फक्त लाटणं परत मागून घेतलं.

वाईट वाटलं ते सोनेरी काठाच्या सेटपाशी. तो नातीला द्यायचं तिने कधीचं ठरवून ठेवलं होतं. नातीने गोड बोलून नको म्हटलं. मग जुन्या वस्तू विकत घेणाऱ्याला नॉर्बर्टने फोन केला, आणि तोंड पाडून परत आला.

“आई, असले सेट आता कुणी फुकटसुद्धा नेत नाही. डिशवॉशरमध्ये घालता येत नाहीत म्हणे.”

“अरे, पण एकाही बशीचा टवका उडालेला नाही!”

“वापरल्याच नाहीत तर टवका उडणार कसा?”

नॉर्बर्ट हे सहज बोलून गेला आणि पुढचं खोकं उचलायला वाकला. डोलोरेसने मात्र कपाट उघडून एका बशीचा काठ बोटाने चाचपून पाहिला.

ब्रिजेटला तो सेट पसंत पडला. विकायला नव्हे, मांडायला. तिने खुर्च्यांचं प्लास्टिक काढलं, पांढरं कापड अंथरलं, सहा बश्या, सहा काटे, उंच पेले आणि मधोमध काचेच्या भांड्यात लिंबं. घर कसं भरलेलं वाटलं पाहिजे, म्हणाली. “तुम्ही माझं अर्धं काम आधीच करून ठेवलंय हो. बाकीच्यांचं घर असं दिसायला मला आठवडा लागतो.” आणि जाता जाता तिने बजावलं की रविवारी लोक घर बघून जाईपर्यंत वरची शेगडी पेटवायची नाही. कांद्या-कोबीचा वास एकदा पडद्यांत बसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं.

म्हणजे खालचं स्वयंपाकघर कचऱ्यात, आणि वरचं कुलपात असल्यासारखं. दोघांचं जेवण सँडविचवर आलं. चेस्टर वॉकर ढकलत मांडलेल्या टेबलावरून जायचा तेव्हा थांबून रिकाम्या खुर्च्यांना हात जोडायचा. “बसा, बसा. घ्या ना, संकोच करू नका.” डोलोरेसला राग यायचा, आणि तो नेमका कुणाचा येतोय ते कळत नसल्यामुळे आणखीच यायचा.

घर दाखवण्याच्या रविवारी मालकांनी घराबाहेर राहायचं असतं. नॉर्बर्टकडे जाऊन यायचं त्राण चेस्टरमध्ये नव्हतं. म्हणून दोघं रस्त्यापलीकडे मेपलच्या सावलीत गाडी लावून तिच्यात बसली आणि आपल्याच घरात परक्यांची ये-जा बघत राहिली. चेस्टरच्या मांडीवर मेणकागदात गुंडाळलेलं सँडविच होतं. त्याने ते उघडलं नव्हतं.

थोड्या वेळाने एक बाई घरातून निघून सरळ गाडीपाशी आली. अंगात सलवार-कमीज, वर पातळ कोट. त्या गल्लीत गेल्या काही वर्षांत बांगलादेशी कुटुंबं राहायला आली होती, त्यांच्याकडे बघतात तसं डोलोरेसने तिच्याकडे बघितलं, म्हणजे जरा सावधपणे. बाईने आपलं नाव दिलरुबा सांगितलं. सासू मागे पायरीवर टेकली होती.

“आंटी, तळघरात गॅसची नळी दिसली. नुसतीच भिंतीतून आलीय. ब्रिजेटबाईंना विचारलं तर म्हणाल्या, गाडीत मालकीण बसल्यात, त्यांनाच विचारा. खाली शेगडी होती का?”

“होती. गेल्या आठवड्यात भंगारात दिली.”

“अरेरे!” दिलरुबाला खरोखरच हळहळ वाटली. “पण नळी आहे ना, मग झालं. आमच्याकडे रोज मासे तळतात. सगळं खालीच करू. वरचं तुम्ही ठेवलंय तसंच ठेवायचं, अगदी तसंच. काय राखलंय हो घर! मी सासूबाईंना म्हटलं, बघा, याला म्हणतात संसार.”

डोलोरेसचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत तिला जाणणारं माणूस आज भेटलं होतं, तेही गाडीच्या खिडकीत. “पायमोजे घालूनच जायचं वर,” ती म्हणाली. “आणि मुलांना तर अजिबात सोडायचं नाही.”

“नाहीच सोडणार. ते जेवायचं टेबल केवढं छान आहे. त्यावर तर काय, मोठमोठ्या पंगती झाल्या असतील तुमच्या.”

“झाल्या की. नॉर्बर्टचं बारसं. त्याच्या लग्नाची बोलणी. फादर यायचे दर वर्षी.”

“आणि अंकल मधल्या मोठ्या खुर्चीत बसत असतील!”

दिलरुबा आपली चांगलं वाटावं म्हणून बोलत होती. हो म्हणायला डोलोरेसने तोंड उघडलं, आणि तिला तो मोठ्या खुर्चीत बसलेला दिसेना. तिने आठवून पाहिलं. बारशाला तो दारात उभा राहून पाहुण्यांचे कोट घेत होता. लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी बाटल्या आणायला खाली-वर करत होता. फादर आले की भिंतीला टेकून, हातात टोपी धरून उभा असायचा, कारण खुर्च्या पाहुण्यांना लागायच्या आणि आपल्या पँटच्या शिवणीत अजून पीठ असेल असं त्यालाच वाटायचं. एकदाही नाही. त्या खुर्चीत तो एकदाही बसला नव्हता.

तिने बाजूला बघितलं. चेस्टर मेणकागदाची घडी उलगडायला लागला होता.

“ठेव ते,” ती म्हणाली. “उतर.”

“अगं, लोक आहेत घरात.”

“असू देत. उतर म्हणते ना!”

तिने मागच्या सीटवरचा वॉकर काढून त्याच्यापुढे उभा केला आणि त्याला पुढच्या दाराने आत नेलं. बैठकीत एक जोडपं पडद्यांची मापं घेत होतं. डोलोरेसने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ओव्हनमधली पुस्तिका काढून तिने ब्रिजेटच्या हातात दिली, आणि शेगडी पेटवली. फ्रिजमध्ये तळघरातून वाचवून ठेवलेले पिरोगी होते, करंजीसारखे, चीज भरलेले, तिने स्वतः मुरड घातलेले. तव्यात लोणी पडलं, लोण्यावर कांदा पडला.

“मिसेस गव्रोन्स्की, वास!” ब्रिजेट दबक्या आवाजात ओरडली. “लोक काय म्हणतील?”

“म्हणतील की शेगडी चालते.”

जोडपं खिडक्यांकडे बघत बाहेर पडलं. दिलरुबाची सासू मात्र पायरीवरून उठून आत आली आणि कांदा कशात परततायत ते तिने सुनेकडून विचारून घेतलं. घर पुढे त्यांनीच घेतलं. ते वासामुळे की वास असूनही, हे ब्रिजेटला शेवटपर्यंत कळलं नाही. दिलरुबा त्या दुपारी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली होती. खाली नवी शेगडी बसवायचं तिने नंतर काढलं नाही, असं गल्लीतले लोक सांगतात.

चेस्टर मोठ्या खुर्चीत बसला होता. समोर सोनेरी काठाची बशी, तिच्यात सहा पिरोगी, वर तांबूस कांदा. त्याने काटा उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग मान वळवून त्याने पुढच्या दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा बशीकडे.

“फादर येणारेत का?” त्याने हळूच विचारलं.

तो टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता, कुणी यायचं असेल तर वाट बघायला तयार होता. जी लाज वाटू नये म्हणून डोलोरेसने ही खोली जन्मभर राखली होती, ती लाज तिला तिथे उभ्या उभ्या वाटली, आणि ती वाटायला एकही पाहुणा लागला नाही.

“नाही रे,” ती म्हणाली. “कुणी येणार नाहीये. तुझ्यासाठीच केलंय. जेव, गार होतंय.”

पहिल्याच घासाला हात थरथरला. काट्यावरून पिरोगी निसटला आणि लोण्याचा डाग पांढऱ्या कापडावर पसरत गेला. डोलोरेसने पिरोगी उचलून परत त्याच्या बशीत ठेवला, शेजारची खुर्ची ओढली, आणि आपल्याला वाढून घेतलं.