आजीच्या नावावर छापलेली गोष्ट

चूक माझीच. नदीला भिणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट मी दिवाळी अंकात लिहिली आणि खाली छापून आणलं, 'माझ्या आजीकडून ऐकलेली.' आजी माझ्या जन्माआधीच गेली होती. गोष्ट सांगितली होती निरवांगीच्या पारूआक्कानं. ती बौद्धवस्तीतली, माझ्या नात्यागोत्याची कुणी नव्हे. माझ्या लहानपणी आई दवाखान्यात होती, ते पाच महिने तिनंच मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं.

तिला भेटायलाच पुण्याहून सकाळच्या एसटीनं बारामतीला उतरलो. स्टँडासमोर चुलतभावाचा एसटीडी बूथ. चहा देत तो हसला, "आजी लिवलंस ते झ्याक केलंस, दादा. उगं लोकांनी इचारायला नको."

तळपायाची आग मस्तकात गेली. कप आपटून निघालो. पण लिहिताना मीही मनात हेच म्हणालो होतो. मग कप कुणावर आपटला?

इंदापूरच्या गाडीनं जंक्शन फाटा, तिथून वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप). कॅनॉलच्या पुलावर उसाचा ट्रेलर पंक्चर होऊन आडवा. आमचा ड्रायव्हर निवांत बिडी ओढू लागला, तसा मी त्याच्यावर ओरडलो.

"का ओ पाव्हणं, अक्षता पडायच्या ऱ्हायल्यात का तुमच्यावर?" मागच्या म्हातारीनं विचारलं. जीप हसली. मी चिडून उतरलो आणि उरलेली वाट उन्हात चालत गेलो.

पारूआक्का अंगणात शेंगा फोडत होती.

"आक्का, ओळखलंस का?"

"व्हय की. आजीचा नातू न्हवं तू?"

अंक तिच्या नातीनं वाचून दाखवला होता. नात शाळेत शिक्षिका. दारात उभी राहून ती माझ्याकडं बघत होती. पाणी विचारलं नाही.

"मेलेल्या बाईला बोलती केलीस," आक्का म्हणाली, "आन् मी जित्ती आसून मुकी. कोल्ह्यागत वरडता यायचं का रं तुझ्या आजीला?"

तरी तिनं माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) पुढं ठेवलंच. त्यानं तर स्वतःचा जास्तच संताप आला.

"आक्का, ती गोष्ट पुन्हा सांग."

"न्हाय. आता तू सांग. आमी हुंकार देतो."

गोष्ट ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणत राहायचं, तो हुंकार. तो थांबला की गोष्ट थांबते. तिच्या मांडीवर हुंकार देता देता मी झोपायचो.

"गोष्ट तुझी होती," मी म्हणालो.

"हं."

"तुझं नाव लिहिलं तर लोक विचारतील, ही बाई तुझी कोण. मी भ्यालो."

शेंगा फोडणारे हात थांबले. हुंकार आला नाही.

मग दारातून नात म्हणाली, "हं. पुढं?"

पुढं जे बोललो तेच आज इथं छापतो आहे. ती गोष्ट निरवांगीच्या पारूआक्काची. पाच महिने ती माझी आई होती. चुकलो, आक्का. मला माफ कर.